आप्पांची तीन मेडल आणि सेवानोंदीतले नऊ महिने

पार्श्वभूमी

१६ डिसेंबर २०२१ ला बांगलादेश युद्धाच्या विजयाला ५० वर्षं झाली. देशभर स्वर्णिम विजय वर्षाचे कार्यक्रम चालू होते. सोलापुरातल्या एका शाळेनेही त्या आठवड्यात आपल्या भागातल्या माजी सैनिकांना सत्काराला बोलावलं. ७१ च्या लढाईतले चौघे आले होते. तिघांच्या कोटावर चार-पाच मेडल होती. चौथे आप्पा. त्यांच्या छातीवर दोनच.

त्यांची नात त्याच शाळेत आठवीला. घरी गेल्यावर तिने विचारलं, "आप्पा, तुम्ही बी तिकडंच होता न्हवं? मग तुमची कमी कशी?" आप्पांनी उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला.

मी लष्करात हवालदार क्लार्क होतो. निवृत्तीनंतर सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या माजी सैनिकांचे पेन्शनचे आणि नोंदींचे कागद लावून देतो. हे प्रकरण आप्पांच्या संमतीने लिहितोय. त्यांची शाखा, युनिट आणि ओळख पटेल असे इतर तपशील गाळले किंवा बदलले आहेत. कामाचा क्रम मात्र घडला तसाच आहे, चुकांसकट.

आप्पा मूळचे अक्कलकोट तालुक्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी, फौजेत हिंदी. १९६६ साली ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १७ वर्षं सेवा करून १९८३ साली पेन्शनीवर आले. नंतर एका चादर कारखान्यात वॉचमन होते. कोटावरची दोन मेडल म्हणजे जम्मू-काश्मीरच्या क्लॅस्पसह (रिबनवरची, सेवेचा भाग सांगणारी पट्टी) सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल. डिस्चार्ज बुकातही, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या सेवापुस्तिकेतही, तेवढीच नोंद.

ही शौर्यपदकं नव्हेत, हे आधी सांगायला हवं. वीर चक्र किंवा सेना मेडल एखाद्या कृतीसाठी मिळतं. त्यासाठी शिफारस लागते, राजपत्रात नाव येतं. सेवापदकाचं तसं नसतं. ठरलेल्या तारखांना ठरलेल्या भागात तुम्ही कर्तव्यावर होता, एवढीच त्याची अट. १९७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार. दोन्ही सीमांकडच्या राज्यांत त्या काळात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. शिवाय स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं जयंती मेडल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो वर्दीत होता, तो त्याचा हक्कदार. जागा कुठली का असेना.

म्हणजे आप्पांची तीन मेडल राहिली होती. पूर्वी स्टार, संग्राम आणि जयंती.

अडचण

मुलाची तक्रार होती, "फौजेनं मेडल दिली न्हाईत." मी डिस्चार्ज बुक पाहायला मागितलं. ते एका पत्र्याच्या डब्यात होतं. त्याच डब्यात आप्पांच्या पत्नीने जपून ठेवलेली अंतर्देशीय पत्रं. नोव्हेंबर १९७१ च्या एका पत्रावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नंबर. पूर्वेकडच्या फौजेची टपाल त्या पत्त्यावर जाई, पश्चिमेकडची ५६ एपीओवर. म्हणजे आप्पा पूर्वेला होते, हे पत्नीने ५० वर्षं सांभाळलेल्या कागदावरच लिहिलेलं होतं.

मग आप्पांना बोलतं केलं. पहिल्या बैठकीत ते फार बोलले नाहीत. "असू दे की ओ हवालदारसाहेब, आता कशाला उकरून काढालाव?" एवढंच. दुसऱ्या वेळी चहा झाल्यावर हळूहळू सगळं आलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांच्या कंपनीतून काही गाड्या आणि ड्रायव्हर दुसऱ्या एका युनिटला जोडून दिले. सीमा ओलांडून ते सामान पोचवत होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दिवे न लावता जाताना गाडी बांधावरून खाली गेली. त्या फेरीला आप्पा शेजारच्या सीटवर होते, चालवत दुसरा होता. मांडीचं हाड मोडलं. फील्ड अॅम्ब्युलन्स, मग कलकत्त्याचं लष्करी रुग्णालय, मग पुणे. १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, तेव्हा आप्पा कलकत्त्यात खाटेवर होते आणि पाय वर टांगलेला होता. रुग्णालयातून सुटल्यावर डेपोत पाठवले गेले आणि सप्टेंबर १९७२ मध्ये तिथून नव्याच कंपनीत.

हे ऐकलं आणि माझ्यापुरतं कोडं सुटलं. मी स्वतः नॉमिनल रोल, म्हणजे जवानांच्या नावांच्या याद्या, टाइप केलेले आहेत. सेवापदकासाठी जवानाला अर्ज करावा लागत नाही. युनिटमधला क्लार्क पात्र जवानांची यादी बनवतो, कमांडिंग ऑफिसरची सही होते आणि यादी रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे शीट रोलशी, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्राशी, ताळा होतो, नोंद चढते आणि पुढे पदक येतं. पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव असतं. या साखळीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. यादी बनते त्या दिवशी माणूस कुणाच्या तरी हजेरीपटावर असला पाहिजे.

आप्पा कुणाच्याच यादीत नव्हते. ज्या युनिटला जोडले होते त्यांच्या लेखी ते पाहुणे, आणि पाहुणा रुग्णालयात गेलेला. मूळ कंपनीच्या लेखी ते जोडणीवर बाहेर, नंतर रुग्णालयात, नंतर संख्येतून वगळलेले. फौजेच्या भाषेत एसओएस. डेपोच्या लेखी ते चार दिवसांचे प्रवासी. सप्टेंबरला नव्या कंपनीने त्यांना टीओएस केलं, म्हणजे आपल्या संख्येत घेतलं, पण तोवर त्या कंपनीच्या याद्या निघून गेल्या असणार. डिसेंबर १९७१ ते सप्टेंबर १९७२ हे नऊ महिने. संग्रामचा काळ आणि जयंती मेडलचा १५ ऑगस्ट, दोन्ही त्याच फटीत पडले.

कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. म्हणूनच हे दुरुस्त करणं अवघड होतं. चुकीच्या नोंदीवर बोट ठेवता येतं. इथे नोंदच नव्हती.

पर्याय

पहिला प्रश्न, हे करावं की नाही. आप्पांचं वय तेव्हा ७५. या मेडलवर पैसा मिळत नाही. शौर्यपदकाबरोबर भत्ता असतो, सेवापदकाबरोबर नसतो. पेन्शन एक रुपयाने वाढणार नव्हतं. हे मी मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, कारण पुष्कळ घरांत या कागदामागे थकबाकीची आशा असते आणि ती मोडली की काम अर्ध्यावर सुटतं. मुलगा जरा थंडावला. आप्पा मात्र तेव्हाच पहिल्यांदा सरळ बसले. म्हणाले, "पैसं नकोत मला. मी तिथं होतो एवढं लिवलेलं पायजे."

त्या एका वाक्याने पुढचं सगळं ठरलं. मेडल मागायचं नव्हतं, नोंद मागायची होती. मेडल म्हणजे नोंदीची सावली. नोंद उभी राहिली की ते येतं.

दुसरा पर्याय एका नातेवाईकाने सुचवला. छावणीजवळच्या दुकानात सगळी मेडल मिळतात, रिबन लावून देतात, आणून लावा. ज्याचा हक्क कागदावर आहे त्याने दुकानातली प्रत लावण्यात गैर काही नाही. मूळ मेडल घरी जपून ठेवून प्रत लावणारे पुष्कळ आहेत. पण कागदावर हक्क नसताना लावलं तर उद्या कुणीतरी विचारणार, आणि तेव्हा आप्पांना मान खाली घालावी लागणार. आप्पांनीच नको म्हटलं.

तिसरा पर्याय दिल्लीचा. मंत्रालयाला, राष्ट्रपतींना पत्र. लोकांना हा मार्ग जवळचा वाटतो. पण ते पत्र फिरून जवानाच्या रेकॉर्ड ऑफिसलाच येतं, कारण जवान आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्या नोंदी तिथेच असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, तोफखान्याच्या नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला, सिग्नलच्या जबलपूरला. आपलं रेकॉर्ड ऑफिस कुठलं हे डिस्चार्ज बुकावर छापलेलं असतं. अर्ज तिथेच जावा.

चौथा, सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. २००७ च्या कायद्याने हा दरवाजा उघडला आहे आणि सेवेच्या बाबी तिथे नेता येतात. पण तिथे जायला हातात काहीतरी अंतिम उत्तर लागतं आणि त्या उत्तरापासून मुदत मोजली जाते. तो दरवाजा मी शेवटचा ठेवला.

ठरलं ते असं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा आणि लागेल तिथे माहिती अधिकार वापरायचा.

कृती

पहिला अर्ज फसला, आणि त्यात दोष आमचा. मी मजकूर हाताने लिहून दिला होता. मुलाने तो बाहेर टाइप करून घेतला. टाइप करणाऱ्याकडे एक जुना नमुना होता, त्यात विषयाची ओळ होती, 'हरवलेली पदके मिळणेबाबत'. ती तशीच राहिली आणि मी न वाचता लिफाफा बंद केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, हरवल्याची पोलीस तक्रार जोडा.

हरवलेलं पदक आणि कधीच न मिळालेलं पदक या दोन वेगळ्या वाटा आहेत. हरवलेल्याची नोंद आधीच असते, त्यात फक्त दुसरी प्रत मागायची असते. न मिळालेल्याला आधी नोंद उभी करावी लागते. मुलगा पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यायला निघाला होता. मी अडवलं. जे कधी हातात आलंच नाही ते हरवलं म्हणून सही केली असती, तर आप्पांच्या फाइलमध्ये त्यांच्याच सहीचा खोटा कागद बसला असता आणि पुढचं प्रत्येक उत्तर त्या कागदाकडे बोट दाखवून आलं असतं.

दुसऱ्या अर्जाआधी नावाचा घोळ निस्तरला. आपल्या सोलापुरात एकच नाव सिद्धराम, सिद्राम, शिदराम असं तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. आप्पांचं नावही त्याच जातीचं. डिस्चार्ज बुकात एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. सेतू केंद्रात जाऊन तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. अर्जात मात्र नाव डिस्चार्ज बुकातलंच ठेवलं, कारण रेकॉर्ड ऑफिस त्या नावाने आणि आर्मी नंबरनेच शोधणार.

पण दुसरा अर्ज लगेच पाठवला नाही. आधी माहिती अधिकारात अर्ज टाकला, आप्पांच्या स्वतःच्या सहीने. स्वतःची माहिती स्वतः मागितली की ती तिऱ्हाइताची म्हणून नाकारता येत नाही. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. यात एक शब्द फार जपावा लागतो. 'मला मेडल का दिली नाहीत' असं विचारायचं नाही. या कायद्यात दफ्तरी असलेली माहिती मिळते, कारणमीमांसा मिळत नाही. आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. शीट रोलची साक्षांकित प्रत. १ ऑक्टोबर १९७१ ते ३१ डिसेंबर १९७२ या काळातल्या, या नंबरच्या जवानाविषयीच्या पार्ट टू ऑर्डरचे उतारे. आणि पदकांच्या नोंदीचं पान.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे फौजेची खरी रोजनिशी. बदली, रजा, लग्न, मुलाचा जन्म, रुग्णालय, जोडणी, सगळं तिच्यात छापून येतं. पार्ट टू निघाली नाही तर ती गोष्ट कागदोपत्री घडलीच नाही. कित्येक विधवांचं पेन्शन एवढ्याशा कारणाने अडतं, कारण लग्नाची पार्ट टू निघालेली नसते.

मुदतीत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं. मग १४ पानं आली. पानामागे २ रुपये भरले होते. मी ती आप्पांच्या ओट्यावर बसून वाचली. नववं पान म्हणजे अर्धा कागद होता, कार्बनची पुसट प्रत. त्यात ऑक्टोबर १९७१ च्या जोडणीची तारीख होती आणि खाली 'रुग्णालयात रवाना', तारीख डिसेंबरची. ज्या युनिटला जोडलं त्याचा नंबरही होता. अकराव्या पानावर डेपोत हजर झाल्याची नोंद. मधल्या काळाचं दुसरं काही नाही.

आता दुसरा अर्ज. इथे आप्पांच्या घरी मोठा वाद झाला. मुलाचं आणि जावयाचं म्हणणं, चौथं मेडलही मागा, जखमी झाल्याचं. पराक्रम पदक शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झालेल्याला मिळतं. जावई म्हणाले, अंधारात, शत्रूच्या मुलखात गाडी उलटली, ती लढाईचीच जखम, तसं लिहायला काय हरकत? मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गोळा पडला नव्हता. बांध खचला. मी तिथं होतो, मला म्हाईत हाय." विषय तिथेच मिटला. शीट रोलमध्येही कारण अपघात असंच आहे. चौथं मेडल मागितलं असतं, तर उरलेल्या तिन्हींकडे संशयाने पाहिलं गेलं असतं, हे खरंच. पण आप्पांनी नकार दिला तो हा हिशेब करून नव्हे.

अर्ज तिन्ही मेडलचा एकत्र पाठवला. उत्तर आलं, की पूर्वी स्टारसाठी युनिटकडून दावा आलेला नाही, सबब प्रकरण विचारात घेता येत नाही. एका मेडलच्या अडचणीने तिन्ही अडली.

मग मी अर्ज फोडला. एक पानाचा अर्ज फक्त जयंती मेडलचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अर्जदार सेवेत होता, हे आपल्याच शीट रोलवरून सिद्ध आहे, बाकी काही सिद्ध करायचं नाही. दुसरा अर्ज संग्रामचा, सोबत नववं पान. पूर्वी स्टारचा तिसरा, तो थांबवून ठेवला. पहिले दोन पाच महिन्यांत मंजूर झाले. कारण साधं आहे. टेबलावरच्या माणसाला ज्यात स्वतःचं डोकं चालवावं लागत नाही असा कागद पुढे सरकतो. त्यात त्याचा दोष नाही. ५० वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर सही करायची म्हणजे हाताला आधार लागतोच.

पूर्वी स्टारसाठी तो आधार शोधायचा होता. न्यायाधिकरणात जावं असं मुलाचं मत झालं होतं. वकिलाशी बोलूनही आला. मी म्हटलं, आधी युनिटला लिहू. आप्पांना जोडलं होतं ते युनिट आजही आहे. अॅडज्युटंटच्या, म्हणजे युनिटचं कार्यालयीन काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नावाने पत्र टाकलं, नववं पान जोडलं आणि विनंती एवढीच केली, की या तारखांना आपलं युनिट कुठे तैनात होतं ते कळवावं. आप्पांसाठी मेडल मागितलं नाही. दीड महिन्यात उत्तर आलं, आणि त्यात एका तरुण कॅप्टनने स्वतःच्या हाताने खाली लिहिलं होतं, 'साहेबांना युनिटचा नमस्कार सांगावा.' आप्पांनी ती ओळ नातीकडून दोनदा वाचून घेतली.

शिवाय एक साक्षीदार हवा होता. आप्पांना कंपनीतल्या एका साताऱ्याकडच्या ड्रायव्हरचं गाव आठवत होतं. तिथल्या माजी सैनिकांच्या ओळखीतून फोन लागला. ते हयात होते. त्याच तुकडीत, त्याच जोडणीवर गेलेले, आणि रुग्णालयात न गेल्यामुळे त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं आणि स्वतःच्या बुकाच्या पानाची प्रत दिली. एकाच तुकडीतले, एकाच हुकमाने गेलेले दोन जवान, एकाला मेडल आणि दुसऱ्याला नाही. एवढी तुलना पुरेशी झाली.

निष्पत्ती

सत्कारापासून २७ महिन्यांनी तिन्ही नोंदी आप्पांच्या रेकॉर्डवर चढल्या आणि त्यांची पार्ट टू निघाली. जयंती आणि संग्राम ही दोन मेडल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत हातात आली. पूर्वी स्टारची नोंद मंजूर आहे, मेडल यायचं आहे. साठा आला की पाठवू, असं पत्र आहे. आता दुकानातली प्रत लावायला हरकत नाही, असं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी थांबायचं ठरवलंय.

डब्यात त्या पार्ट टूची प्रत आता अंतर्देशीय पत्राला लागून ठेवलेली आहे. मेडल मात्र नातीच्या कपाटात असतात.

खर्चाचं विचाराल तर टपाल, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं आणि साताऱ्याची एक फेरी, एवढाच. वकील लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टाइप केलेला कागद मी वाचायला हवा होता. त्या एका ओळीने पाच महिने गेले. ७५ वर्षांच्या माणसाचे पाच महिने म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आता मी अर्ज स्वतः टाइप करतो, किंवा माझ्यासमोर करून घेतो, आणि अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवतो.

तिन्ही मेडल एकत्र मागणं ही दुसरी चूक. पहिल्या दिवसापासून सोपं आणि अवघड वेगळं करायला हवं होतं. जयंती मेडल सहा महिन्यांत हातात आलं असतं, आणि आप्पांच्या पत्नीलाही ते पाहता आलं असतं. त्या मधल्या काळात गेल्या. पत्रं त्यांनी जपली होती. हे मला लागून राहिलं आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या अर्जाच्याही आधी जायला हवा होता. शीट रोल हातात नसताना मागणी करणं म्हणजे अंधारात चालणं. ज्यांना पेन्शन नाही, थोडी वर्षं करून घरी आले, त्यांच्या बाबतीत तर हे फारच तातडीचं. बिनपेन्शनवाल्या जवानांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, त्यांचं लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंदी असलेलं रजिस्टर, तेवढं राहतं. आप्पांची पेन्शन होती म्हणून नववं पान सापडलं. ती नसती, तर सगळा भार त्या साताऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर आला असता.

चौथी गोष्ट मी पहिल्या बैठकीत विचारायलाच हवी होती आणि विचारली नाही. ती आप्पांनीच काढली. संग्राम मेडल हातात आलं त्या दिवशी ते बराच वेळ त्याच्या कडेवरचं आपलं नाव बोटाने चाचपत बसले. मग म्हणाले, "गाडीत आमी पाचजण होतो, हवालदारसाहेब. त्यांचं काय झालं?"

मी आप्पांची फाइल चालवत होतो, म्हणून आप्पांपुरतंच पाहिलं. जी फट आप्पांच्या वाट्याला आली, ती त्या गाडीतल्या प्रत्येक जखमी माणसाच्या वाट्याला आली असणार. एकाच रात्री, एकाच हुकमावर, एकाच रुग्णालयात गेलेले. सुरुवातीलाच विचारलं असतं तर त्यांचे कागद आप्पांना आणि आप्पांचे कागद त्यांना उपयोगी पडले असते. सातारची फेरी कदाचित लागलीही नसती.

आप्पांना तिघांची नावं पूर्ण आठवली. चालवणारा होता तो विदर्भातला, त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. दुसऱ्याच्या गावी निरोप पोचला आहे, उत्तर नाही. तिसरे पंढरपूरच्या अलीकडचे. ते १२ वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या पत्नी आहेत, त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे कागद असणार. जवान गेला तरी त्याच्या वारसाला मेडल मागता येतं. मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. डिस्चार्ज बुकात दोनच मेडल.

त्यांचा माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे. जयंती मेडलचा अर्ज वेगळा लिहून ठेवलाय, शीट रोल आला की त्याच दिवशी निघेल. पूर्वी स्टारच्या अर्जाला साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागेल. ते आप्पांनी करून दिलंय. सेतू केंद्रातल्या मुलीने विचारलं, तुम्ही यांना कसं ओळखता, तेव्हा आप्पा म्हणाले, "शेजारी बसलो होतो."